बेसूर चालंल, मुकं न्हाई

गंगाखेडला बदली झाली तेव्हा मी आणि माझे यजमान खोली बघत फिरत होतो. एका घरी मालकांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. यजमान साखर कारखान्यात शिफ्टला जातात, यावरही मान डोलावली. जात विचारली नाही, मटण शिजवता का हेही विचारलं नाही. मग म्हणाले, "बाकी समदं ठीक हाय. गानं कोन म्हनतंय तुमच्यात?"

कुणीच नाही, असं मी जरा तोडूनच सांगितलं. दिवसभर घरं बघून माझे पाय भरून आले होते आणि स्वभाव मुळातच गोड नाही.

"म्हनावं लागंल," ते शांतपणे म्हणाले. "आमच्यात दिवे लागले का समदे गातेत. भाडेकरूबी. जमत नसंल तर खोली लय चांगली हाय, पर तुमच्यासाठी न्हाई."

मी उठलेच होते. यजमानांनी माझा पदर हळूच ओढला, कारण त्यांनी तोवर मागच्या मोरीतला नळ सोडून बघितला होता आणि त्याला भर उन्हाळ्यात पाणी होतं. गाण्याचं पुढं बघू, असं ते कानात म्हणाले. नळाच्या पाण्यासाठी आम्ही त्या घरात शिरलो. पुढं तिथून निघताना मी का रडले, ते सांगायला म्हणून हे लिहायला घेतलंय.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊनही अंगातला खाकी शर्ट सुटला नव्हता. चहा उभ्यानं प्यायचे, गाडी सुटणार असल्यासारखा. घरातून कुणी बाहेर पडलं की आधी स्वतः रस्त्यावर येऊन दोन्हीकडं बघायचे आणि मग हातानं "या, या, येऊ द्या" अशी खूण करायचे. भंगारात निघालेल्या कुठल्याशा बसची घंटी त्यांनी ओसरीवर टांगली होती, दोरीसकट. दिवेलागणीला ती दोनदा ओढायची. डबल बेल म्हणजे बैठक सुरू. "या मानसाला घर म्हन्जे डेपोच वाटतंय," असं मामी रोज म्हणायच्या आणि रोज सगळ्यांच्या आधी सतरंजीवर येऊन बसायच्या.

बैठकीचे कायदे होते. सगळ्यांचे फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. डब्यात का, तर पीठ झटकत कुणी सारखा सारखा फोन काढत नाही. माझ्या फोनच्या फटीत अजून पीठ असेल. प्रत्येकानं आपल्या पाळीला एक गाणं म्हणायचं. कुणाची चूक काढायची नाही. वाहवाही करायची नाही. याचं मला नवल वाटायचं. मामांचा मुलगा मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता, दिवसभरात पाच वाक्यं बोलायचा नाही, पण गायला लागला की अंगावर काटा यायचा. अशा वेळी तोंडातून 'वा' निघणारच. मामा लगेच हात वर करायचे. "वाहवा केली का पुढचं गानं वाहवासाठी व्हतंय. आन ज्याला वाहवा भेटली न्हाई, त्यो दुसऱ्या दिशी गप बसतंय."

आणि सगळ्यात मोठा कायदा, ज्याच्या डोक्यात राग असेल त्यानं आधी गायचं.

आता मामांच्या स्वतःच्या आवाजाचं सांगते. एवढं गाण्याचं वेड असलेल्या माणसाला सुराचा कण नव्हता. गाडी चढावर रिव्हर्सला टाकल्यासारखा आवाज निघायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते मान ताठ करून, तोंडभर, शेवटच्या अक्षरापर्यंत गायले आणि हसून म्हणाले, "बेसूर चालंल. मुकं न्हाई चालनार." माझे यजमान इतके लाजाळू की त्यांना गाणं म्हणताच येईना. दोन दिवस घाम पुसत बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हटला. मामांनी तो मन लावून ऐकला. "याला बी चाल हाय," एवढंच बोलले. पुढं कितीतरी दिवस यजमान पाढ्यांवर होते.

गाण्यांचे मामांनी दोन प्रकार पाडले होते, वर बघायचं गाणं आणि खाली बघायचं गाणं. ऐकून माणसाची मान वर झाली तर पहिलं, खाली गेली तर दुसरं. मिरवणुकीतली ढणढण सगळी दुसऱ्यात. दुसऱ्यातलं गाणं त्या घरात कुणी म्हणायचं नाही. अंगाई कुठल्या प्रकारात, यावर मामींनी त्यांना एकदा कोंडीत पकडलं होतं, कारण अंगाई म्हणताना आई खालीच बघते. मामा जेवण होईपर्यंत विचार करत होते. हात धुता धुता म्हणाले, "आई खाली बघती, पर लेकरू वर बघतंय का न्हाई? मंग झालं."

हे सगळं कशापायी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. बाप तापट. घरात भांडी आपटल्याचा आवाज तेवढा. आई दिवसभर मुकी, पण पहाटे जात्यावर बसली की गायची. तेवढ्या वेळात ती घरातल्या सगळ्यांना नावानं हाक मारायची, ओवीतून. नवऱ्याला, दिराला, अंथरुणात पडलेल्या या पोराला. "मग गावात गिरनी आली," मामा म्हणाले. "समदे खूश. आईचे हात मोकळे झाले, आन तोंड मिटलं. गायाला कारनच ऱ्हायलं न्हाई. मी तवाच ठरवलं, माझ्या घरात गान्याचा टाइम ठरलेला पायजे. गाडीला टाइम असतंय, मग गान्याला कामून नको?"

देवळात ते फारसे जात नसत. गावात देवळं काय कमी आहेत. मामी जायच्या, हे बाहेर चपला सांभाळत उभे. म्हणायचे, "देव तिथं भेटतंय का न्हाई, मला ठाव न्हाई. पर घरातले चौघं बसून गायले का पाचवं कुनीतरी येऊन बसतंय. मला तर कळतंय बगा. सतरंजीवर जागा कमी पडती."

मी दवाखान्यात जन्म आणि मरण दोन्ही हातांनी उचलणारी बाई. असल्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली. एकदा यजमानांशी कडाक्याचं भांडण करून मी बैठकीला आले. कायद्याप्रमाणं पहिली पाळी माझी. शाळेतली प्रार्थना दात खात सुरू केली आणि तिसऱ्या ओळीपर्यंत माझा राग पुरला नाही. राग आखूड श्वासावर चालतो आणि गाण्याला लांब श्वास लागतो. दोन्ही एका छातीत राहत नाहीत. मी यजमानांकडं बघितलं तर ते मनातल्या मनात पाढ्याची तयारी करत होते. मला हसूच आलं.

त्या घरातली आणखी एक रीत मामांच्या आईकडून आलेली. घरात येणाऱ्या प्रत्येक लेकराचा स्वतःचा पाळणा असायचा. बारशाला बायका म्हणतात तो ठरलेला पाळणा नव्हे. बाळ पोटात असतानाच घरातल्या प्रत्येकानं एकेक ओळ बांधायची. बापानं, आजीनं, आजोबानं, भाडेकरूनंसुद्धा. आईची ओळ मात्र शेवटची, आणि ती तिनं कुणाला सांगायची नाही. बारशाच्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन तिनं ती पहिल्यांदा म्हणायची. मग पाळणा पुरा होतो आणि त्या लेकराच्या दर वाढदिवसाला सगळ्यांनी बसून तो म्हणायचा. मामांच्या तिशीतल्या मुलाचा वाढदिवस मी बघितला आहे. दाढीवाला गडी आईच्या शेजारी मांडी घालून आपला पाळणा ऐकत होता आणि त्याला कसलीही लाज वाटत नव्हती.

सूनबाईंना दिवस गेले तेव्हा आम्हालाही ओळी मागितल्या. ती पालमची, हसतमुख, बैठकीत पोटावर हात ठेवून बसायची. मामा तिच्या पोटाकडं हात करून म्हणायचे, "मोठ्यानं म्हना. आतलं ऐकायलंय." यजमानांची ओळ त्यांच्या स्वभावाला धरून होती:

एक चंद्र आभाळी, दोन चंद्र डोळी.

माझ्या ओळीत नर्सच बोलली. बाळ हातात आलं की मी आधी त्याचे तळपाय चाचपते, म्हणून:

पाय तुझे ऊन राहो, पोट तुझं भरो.

मामींनी गंगेकाठच्या (गोदावरीला तिथं गंगाच म्हणतात) उसाला डोलायला लावलं. मुलानं एवढंच दिलं, "बाप तुझा दारी उभा." आणि मामांनी आयुष्यभर जे ओरडले तेच दिलं:

सरका थोडं सरका, बाळाला बसू द्या.

गल्लीतल्या बायकांना हे पटत नव्हतं. जन्माच्या आधी दुपटं आणत नाहीत आपल्यात, पाळणा कुठला बांधता? पालमहून सूनबाईंच्या आईनंही दोनदा निरोप धाडला की हे थांबवा. मामा हसले. म्हणाले, "दुपटं इकत आनतेत. गानं कुठं इकत आनलंय?"

आठव्या महिन्यात तिला कळा सुरू झाल्या. आमच्या डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितलं. मी सोबत गेले. मुलगा झाला. फुप्फुसं पुरती वाढली नव्हती. एक रात्र तो होता आणि त्या रात्रीतला बराच वेळ त्याचे पाय माझ्या तळहातात होते. ते ऊन होत नव्हते. याच्यापुढचं मी लिहीत नाही.

एवढ्याशा जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत. दहावं नाही, तेरावं नाही, सुतकसुद्धा धड नाही. बाप आणि आजोबा गंगेच्या काठाला जाऊन मोकळ्या हातांनी परत आले. बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नव्हतं. कागदावर आईच्या नावापुढं 'पुरुष बाळ' लिहिलं होतं, तेवढंच. भेटायला आलेली माणसं "झालं गेलं विसर, दुसरं होईल," म्हणत होती. दवाखान्यात आम्हीही तेच म्हणतो.

आणि मग बोट मामांकडं वळलं. आधी पाळणा बांधला म्हणून दृष्ट लागली. ओसरीवर येऊन लोक सरळ बोलून गेले. सूनबाईंची आई पालमहून जीप घेऊन आली, लेकीला उठवलं आणि निघताना मामांना म्हणाली, "तुमच्या गान्यानं लेकरू खाल्लं. आता माझी पोरगी न्हाई धाडनार." रोजच्यासारखं रस्त्यावर जाऊन मामांनी दोन्हीकडं बघितलं, पण जीपला हात केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर घंटी खुंटीवर नव्हती. दिवे लागले आणि कुणीच कुणाला बोलावलं नाही. त्या घरात पहिल्यांदा मला शेजारच्या टीव्हीचा आवाज ऐकू आला. मी मामांना समजावलं की यात गाण्याचा काही संबंध नाही, फुप्फुसांचं कारण आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, "तुझं खरं असंल, पोरी. पर माझ्या छातीला ते पटंना गेलंय." रोज संध्याकाळी ते मागच्या मोरीत नळ सोडून उभे राहायचे, घरातली शांतता ऐकू येऊ नये म्हणून.

असे बरेच दिवस गेले. एका रविवारी मामा म्हणाले, पालमला जाऊन येतो. मामी, मुलगा आणि मी, तिघंही निघालो. मी का निघाले ते मलाच ठाऊक नव्हतं. एसटीत मामा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि पालम येईपर्यंत समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले. सुनेला आणायला चाललोय असं आम्हाला वाटत होतं. ते माफी मागायला चालले होते.

सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. अर्धी राहिली होती. तिच्या आईनं दारातच आम्हाला बजावलं, हिच्यासमोर गाण्याचं नाव काढायचं नाही. तिच्यासाठी घरातला टीव्ही बंद ठेवला होता, शेजारच्या पोरांना ओरडून गप्प केलं जात होतं. चहा झाला. बाहेर ऊन उतरलं. मग मामांनी टोपी काढली, सुनेपुढं हात जोडले.

"पोरी, माझं चुकलं. समदे म्हनतेत ते खरं असंल. घंटी काढून ठिवली म्या. बैठक बंद केली."

तिनं वर बघितलं. "बंद केली?"

"व्हय."

"मंग माझी ओळ कुठं म्हनू?"

कुणालाच आधी कळलं नाही. ती म्हणाली, "समद्यांच्या ओळी झाल्या, मामा. माझीच ऱ्हायली. हितं कुनी मला तोंड उघडू देईना. माझं लेकरू व्हतं का न्हवतं, तेच मला आता कळंना गेलंय." हे सांगताना ती रडत नव्हती. इतके दिवस आम्ही सगळे तिला गाण्यापासून वाचवत होतो आणि तिचा जीव त्या एका ओळीत अडकला होता.

तिची आई चौकटीत उभी राहिली. "खुळे झालाव का? मेलेल्याचा पाळना कुनी म्हनतंय का?"

मामा उठून उभे राहिले. त्या बाईशी ते पहिल्यांदाच मान वर करून बोलले. "मेलेल्याचा न्हाई, इहीनबाई. आलेल्याचा. एका रातीसाठी का हुईना, आलता त्यो. दारात कुनी आलं तर आपुन या म्हनतो का न्हाई? त्याला या म्हनायचं ऱ्हाऊन गेलंय."

ती दारातून हलली नाही. सूनबाईंनीच उठून दिवा लावला, सतरंजी अंथरली.

मामींनी सुरुवात केली. उसाची ओळ मधेच तुटली, पण त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून धरली. यजमान शिफ्टला होते, त्यांच्या चंद्राची ओळ मी म्हटली. मग माझी आली. पाय तुझे ऊन राहो. मी कितीतरी मरणं बघितली आहेत आणि ड्यूटीवर कधी रडलेली नाही. त्या ओळीला मात्र माझा आवाज फुटला आणि मी फुटू दिला. बाप दारी उभा राहिला. आणि मामांनी छाती भरून घेतली आणि नेहमीपेक्षाही बेसूर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "सरका थोडं सरका, बाळाला बसू द्या." तेव्हा चौकटीतली ती बाई खरोखर बाजूला सरकली. नकळत सरकली असेल. मग तशीच खाली बसली.

सूनबाईंनी मांडीवर पदर पसरला. हळू आवाजात, पण न अडखळता तिनं आपली ओळ म्हटली:

पोटात बसून ऐकलंस बाळा, आता तू म्हन, आमी ऐकतो.

आणि आम्ही ऐकू लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. पाळी त्याची होती, म्हणून सगळे गप्प बसलो, एका गाण्याला जितका वेळ लागतो तितका. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. ज्या माणसानं घरात मुकेपणा चालू दिला नाही, तो मान वर करून मुका बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कधीच न बघितलेलं समाधान होतं. शपथेवर विचाराल तर मला कानाला काही ऐकू आलं नाही. पण सतरंजीवर दाटी झाली होती, हे मी शपथेवर सांगेन. असलं काही लिहिणारी मी बाई नाही. त्या संध्याकाळी माझ्या सगळ्या शहाणपणाच्या वर काहीतरी होतं आणि त्यापुढं मान वर करून बसण्यावाचून मला दुसरं काही सुचलं नाही.

मग सूनबाईंची आई आत गेली आणि मुठीत फुटाणे आणि गूळ घेऊन आली. बारशाला घुगऱ्या वाटतात. तिनं प्रत्येकाच्या हातावर थोडं थोडं ठेवलं. मामांपाशी आल्यावर म्हणाली, "घुगऱ्या न्हाईत. हेच घ्या."

पुढं सूनबाई गंगाखेडला आली. घंटी पुन्हा ओसरीवर लागली. काही वर्षांनी माझी बदली झाली, आम्ही निघालो आणि मामांनी रस्त्यावर उभं राहून आमच्या टेम्पोला हात केला. तेव्हा मी रडले.

गेल्या हिवाळ्यात त्या घरी जाणं झालं. सूनबाईंच्या मुलीचा वाढदिवस होता, चार वर्षांची झाली. मामा थकलेत, कानानं कमी ऐकतात, खाकी शर्ट आता अंगावर लोंबतो. दिवे लागले. मला वाटलं मुलीचा पाळणा म्हणतील, पण आधी मोठ्याचा, ही आता त्या घरची रीत आहे. तोच ऊस, तेच चंद्र, माझी ओळही तशीच. सूनबाईंनी शेवटची ओळ म्हटली. पाळणा संपला असं समजून मी सवयीनं पर्स उचलली आणि मामींना बसची वेळ विचारायला तोंड उघडलं.

आजोबांच्या मांडीवरून त्या पोरीनं माझ्याकडं रागानं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"गप बसा," ती म्हणाली. "दादा म्हनायलाय."

मी पर्स खाली ठेवली.